खिशात राहिलेलं चुंबक

सोमवार, संध्याकाळ

मी चालवतो त्या शाळेच्या व्हॅनचं दार सडलं, म्हणून दुसरं जुनं आणायला शिक्रापूरच्या भंगारात गेलो. दोन दारं निघाली. पांढरं रंगाला जुळणारं, निळं ठोकर खाल्लेलं. भंगारवाल्या सलीमचाचांनी हातात चुंबक दिलं. पांढऱ्यावर खालच्या बाजूला ते धरेना.

"तिथं पत्रा न्हाई, नुसती पुट्टी भरलीया. निळं दिसाया वंगाळ, पन पत्रा खरा हाय."

ऐकलं का मी? न्हाई. निळं बघून पालक म्हणतील, गाडी ठोकली. पांढरंच बसवलं.

चुंबक चुकून खिशात आलं. आत्ता बसवलेल्या दाराला खाली पुन्हा लावलं. पडलं. केंदूरची छोटी आरोही रोज तिथंच टेकून बसते.

उद्या तिला माझ्याशेजारी बसवतो, आन् पोरं शाळेत सोडून निळं आणतो. पालकांनी रंगाचं विचारलं, तर त्यांच्याच हातात चुंबक देईन.