रॅक पोचला, मामा

मुळशी, धरणाकाठ
मंगळवार

आदरणीय मामांस,

धम्मपालचा सविनय जयभीम. मामींनाही जयभीम. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आईचे गुडघे, आबांचा खोकला आणि माझी काळजी हे तिन्ही जिथल्या तिथे आहेत. तुमचा खांदा कसा आहे? शर्ट घालताना हात बाहीत जातो, की अजून मामींना बाही धरावी लागते? डॉक्टरांनी सांगितलेला, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम सोडू नका. (भिंतीला तेलकट डाग पडतात म्हणून मामी ओरडतात, हे आईकडून कळलं. डाग पुसता येतात, खांदा पुसता येत नाही, असं मामींना माझ्या नावाने सांगा. नको, माझ्या नावाने नका सांगू.) हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. शिवाय आज जे सांगायचं आहे ते अर्धं ऐकण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी आभार. तुम्ही दौंडहून एसटीत घालून दिलेला स्टिअरिंगचा रॅक सुखरूप पोचला. एवढी अवजड वस्तू तुम्ही दुखऱ्या खांद्याने स्टँडपर्यंत कशी आणलीत, या विचाराने मला दोन घास कमी गेले. तुम्ही बांधलेलं गोणपाट मी स्वारगेटला सोडून तपासलं आणि पुन्हा बांधलं, पण तुमच्या गाठी मला येत नाहीत, त्यामुळे मुळशीच्या बसमध्ये पिरंगुटच्या गर्दीत ते सुटलं आणि रॅकची दोन्ही टोकं बाहेर आली. त्या टोकांना रबरी भाते असतात हे तुम्हाला ठाऊक आहे, पण शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी बराच वेळ निरखून विचारलं, "कसलं वाद्य हाय रं बाबा हे?" मी म्हटलं, गाडीचं आहे. त्या म्हणाल्या, "आता गाडीत बी पेटी वाजवत्यात व्हय?" मी त्यांना समजावून सांगितलं, की ही दाते असलेली लांब पट्टी, हिच्यावर छोटं दातेरी चाक फिरतं, स्टिअरिंग फिरवलं की पट्टी डावीउजवीकडे सरकते आणि चाकं वळतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना म्हणाल्या, "वाजवून तरी दाखवायचं."

मामा, हा खटाटोप कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिलं की मला धीर येतो. वैशालीच्या बारशाला तुम्ही म्हणाला होतात, भाचीला मांडवात मी आणीन, माझ्या गाडीतून, स्वतः चालवत. त्या वेळी तुमच्याकडे गाडी नव्हती. पुढे जुनी पद्मिनी घेतलीत, तिचं छप्पर कापून उघडी केलीत, मागे सोफ्यासारखी सीट बसवलीत आणि वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर माझं आयटीआय अर्धवट सुटलं होतं तेव्हा "हिच्यावर हात बसव" म्हणून माझ्या हवाली केलीत. (गावात तिला होडी म्हणतात. बिनछपराची, लांबट आणि पावसात पाणी साठतं, म्हणून.) त्या दिवसापासून मी जे काही शिकलो ते तिच्या पोटाखाली उताणं झोपून. आणि आता, लग्न ठरल्यावर, तुमचा खांदा आखडला. पद्मिनीचं ते जुनं स्टिअरिंग इतकं जड, की वळवायला पैलवान हवा, आणि वळलं तर इतकं ढिलं, की गाडी वळायच्या आधी माणूस वळतो. तुम्ही आईला कळवलंत, "मी एसटीने येईन आणि मागच्या खुर्चीत बसेन." वैशाली तेव्हा भाकरी थापत होती. ती भाकरी तव्यावर जळाली. त्याच क्षणी मी ठरवलं, स्टिअरिंग बदलायचं. एका हाताने फिरेल असं. गाडी रस्त्यावर न्यायची नाहीच (तशी परवानगी काढायला वेळ लागेल, आणि मी विनापरवानगी सायकलचा दिवासुद्धा बदलत नाही), घरापासून खालच्या शेतातल्या मांडवापर्यंत आपलीच वाट आहे, तेवढी तुम्ही चालवायची.

रॅक चाकांच्या मागच्या बाजूला बसव, असं तुम्ही निक्षून सांगितलं होतं. मी मागेच बसवणार होतो. पण तिथे इंजिनाखालचा तेलाचा डबा आडवा आला. मी तीन वेळा मोजमाप घेतलं, डबा सरकला नाही. मग विचार केला, मागे काय आणि पुढे काय, पट्टी तीच, दाते तेच, चाकंही तीच. अनिकेतने (माझ्याबरोबर पिरंगुटच्या कारखान्यात वेल्डिंगला असतो, भला मुलगा) रविवार घालवून पुढच्या बाजूला ब्रॅकेटं जोडून दिली. काम इतकं सुबक झालं, की आईने त्यावर झेंडू ठेवला. त्यानंतर चाचणी. यात चूक होऊ नये म्हणून मी गाडी जॅकवर उचलली, गाडीसमोर उभा राहिलो आणि खडूने एका टायरवर "डा" आणि दुसऱ्यावर "उ" लिहिलं. वैशाली स्टिअरिंगवर बसली. मी समोर आडवा झालो. ती म्हणाली, "दादा, डावीकडे फिरवते." चाकं 'डा'कडे वळली. ती म्हणाली, "उजवीकडे." चाकं 'उ'कडे वळली. एका हाताने, बांगडीही न वाजता. मामा, मी जमिनीवर पडल्या पडल्याच तुम्हाला मनात नमस्कार केला.

मग गाडी जमिनीवर चालवून पाहायची. इंजिन सुरू न करता, उतारावर हळूहळू ढकलत, असं मी सुचवलं, म्हणजे काही झालं तरी सावकाश होईल. ढकलायला आबा, अनिकेत, मी आणि वैशाली. चाकांवर नजर ठेवायची म्हणून मी मागेच थांबलो. स्टिअरिंगवर बसायला उरले भिकूकाका, कारण त्यांचा गुडघा ढकलण्याजोगा नाही. (भिकूकाका म्हणजे धरणावर पाहुण्यांना फिरवणारे, मागे इंजिन लावलेल्या होडीचे. तुम्ही त्यांच्या होडीत बसून चप्पल पाण्यात सोडली होतीत ते.) त्यांनी जन्मात गाडीच्या चाकाला हात लावलेला नाही. मी काळजीने विचारलं, जमेल ना? ते म्हणाले, "सुकाणू धरायचं न्हवं? पन्नास मानसं धरून होडी आनली हाय मी वाऱ्यात. ही तर जमिनीवर हाय, बुडायची बी भीती न्हाई." आणि खरोखर, मामा, काय चालवली! विहिरीच्या वळणाला उजवीकडे, आंब्याला वळसा घालून डावीकडे, थेट मांडवाच्या जागेत. आबांनी घाम पुसत टाळी वाजवली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रॅकवरचा झेंडू काढून भिकूकाकांच्या खिशात खोवला.

इथे पत्र संपलं असतं तर फार बरं झालं असतं.

परवा रविवारी होणारे जावई मनीषराव आणि त्यांच्या आई सुलक्षणाबाई साड्यांचं ठरवायला आले. मनीषराव हिंजवडीला नोकरीला आहेत, रोज त्या रहदारीतून गाडी काढतात, त्यामुळे गाडी दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. होडी पाहून म्हणाले, "क्या बात है, एक राउंड?" मी म्हटलं, चहा तरी घ्या. पण ते बसले, इंजिन सुरू केलं आणि आपल्या आईंना मागच्या सोफ्यावर बसवून म्हणाले, तुला मांडवाची जागा दाखवतो. विहिरीच्या वळणाला उजवीकडे जायचं. डावीकडे आबांनी राब रचून ठेवला होता. (हे तुम्हाला दौंडकडे नसतं. भाताच्या रोपासाठी शेतात शेणखत, पालापाचोळा आणि काटक्यांचा थर देऊन भाजतात, त्याला राब म्हणतात.) मनीषरावांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी डावीकडे निघाली. त्यांनी आणखी उजवीकडे फिरवलं. गाडी आणखी डावीकडे. त्यांना वाटलं, फिरवायला कमी पडतंय. शहाण्या माणसाने ब्रेक दाबला तोवर होडी अर्धी राबात शिरली होती, आणि सुलक्षणाबाई जागच्या जागी उडून, पदरात पाचोळा आणि अंबाड्यात शेणकूट घेऊन, पुन्हा सोफ्यावर बसल्या होत्या.

आबा धावत आले, दोघांनाही लागलं नाही हे पाहिलं आणि सुटकेने म्हणाले, "राब आजच पेटवनार व्हतो. बरं झालं, काडेपेटी घावली न्हाई." हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण पाहुण्यांचा चेहरा आणखी उतरला. भिकूकाकांनी वाकून चाकं पाहिली, स्टिअरिंग पाहिलं आणि निर्णय दिला, "गाडी बरुबर हाय. जावई उलटा हाय." सुलक्षणाबाई उतरल्या, अंबाड्यातलं शेणकूट काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "अहो, मी सून न्यायला आलेय. खत न्यायला नाही."

कोडं वैशालीने सोडवलं. ती स्टिअरिंगवर बसली, मान वाकवून टायरवरचा खडू वाचला आणि विचारलं, "दादा, हे 'डा' कुणाच्या डावीकडचं?" माझ्या डावीकडचं, मामा. मी गाडीसमोर तोंड करून उभा होतो. माझं डावं ते गाडीचं उजवं. चाकाला मागून द्यायचा धक्का पुढून दिला की ते उलट बाजूला वळतं, त्यामुळे रॅक मागचा पुढे नेल्याने सगळंच उलटं झालं होतं आणि ते मी माझ्याच अक्षरात बरोबर म्हणून लिहून ठेवलं होतं. आणि भिकूकाकांना काहीच कळलं नाही, कारण होडीच्या इंजिनाची दांडी डावीकडे ढकलली की होडी उजवीकडे जाते. त्यांच्या हाताला तीच सवय. उलटी गाडी सुलट चालवणारा मुळशीत एकच माणूस, आणि मी नेमका त्यालाच परीक्षेला बसवला होता.

पण आभार मानावेत असंच सगळं पुढे घडलं. अनिकेत एका शब्दाने न चिडता पुन्हा आला, आपलीच ब्रॅकेटं कापली, इंजिनाच्या माउंटिंगखाली पट्ट्या घालून ते थोडं उचललं, तेलाचा डबा वर गेला आणि रॅक तुम्ही म्हणाला होतात तिथेच, मागे बसला. आता डावं ते डावं आहे. (खडूने लिहिलं नाही. वैशाली म्हणाली, नको.) मनीषरावांनी ऑफिसात ही गोष्ट स्वतःच सांगितली, आणि मोठ्या मनाने त्यात चूक आमची न सांगता राबाची सांगितली. सुलक्षणाबाईंना आईने न्हाऊ घातलं, नवी साडी दिली, आणि जेवताना तुमची सगळी हकिकत सांगितली, बारशापासून. आबा मधेच म्हणाले, "काळजी नगा करू ताई, आमचा धम्मा डोळं झाकून गाडी चालवतो." तेव्हा सुलक्षणाबाई म्हणाल्या, "मग तसंच करू. ज्याने ही केलीय त्याने पुढच्या रविवारी माझ्यासमोर मांडवापर्यंत चालवून दाखवावी. सरळ गेली तर नवरीला तिच्या मामांनीच आणायचं. मी स्वतः मांडवाच्या दाराशी उभी राहीन. नाही गेली, तर रिक्षा." इतकं होऊनही त्यांनी दार उघडं ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा. तुमचा रॅक वाया गेला नाही, मामा. स्टिअरिंग एका हाताने फिरतं. दुसरा हात तुम्ही भाचीच्या डोक्यावर ठेवू शकाल, थांबल्यावर.

मामींना नमस्कार. भिंतीवरचा व्यायाम विसरू नका.

तुमचा ऋणी भाचा,
धम्मपाल

ता. क. येताना मोठा पाना आणाल का? माझ्याकडे आहे, पण तुमच्या पान्याने आवळलं की मला झोप लागते.

ता. क. दुसरा. वर आबांचं एक वाक्य लिहिलं आहे, त्यात निम्मं खरं आहे. मी डोळे झाकतो. मला गाडी चालवता येत नाही, मामा. तुम्हाला वाटतं, त्या दहावीच्या सुट्टीत तुम्ही शिकवलंत. तुम्ही मला बसवलंत, मी उतरून चाकांतली हवा पाहिली, मग ऑईल, मग दिवे, आणि सुट्टी संपली. त्यानंतर मी गाडीखाली इतका असतो, की आत बसवायला कुणाला सुचलंच नाही. ढकलताना मी मागे का थांबलो हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. घरात कुणालाही सांगितलेलं नाही, वैशालीला तर नाहीच. तुम्ही मांडवाच्या कामाच्या निमित्ताने लवकर या आणि मला शिकवा. तुमचा एक हात आखडला आहे, माझे दोन्ही. मिळून एका माणसाचं काम होईल.

ता. क. तिसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार होतो, पण एक सांगायचं राहिलं. माझा चेहरा पाहून भिकूकाकांनी ओळखलं आणि "कुणाला सांगत न्हाई" म्हणून कालपासून ते मला शिकवू लागले आहेत. त्यांचे उपकार विसरणार नाही. पण त्यांच्याकडे गाडी नाही, म्हणून धरणातल्या खऱ्या होडीवर शिकवतात. मामा, मला फार लवकर जमलं. आता डावीकडे जायचं मनात आलं की हात आपोआप उजवीकडे जातो. तेव्हा कृपा करून पत्र वाचून संपायची वाट न पाहता पहिल्या एसटीने निघा.