पाणबुड्यांच्या घड्याळावर माझं दुसरं मत

३ फेब्रु., सोम.
ठाकुर्लीचे दामोदर आलेले, आपलं जुनं गिऱ्हाईक. पुतण्याचं घड्याळ घेऊन. साखरपुड्यात सासऱ्याने घातलेलं. सासरा म्हणजे कळव्याचा बळीरामशेठ, ज्याच्या भातशेतीवर आता टॉवर उभे आहेत. घड्याळ गेल्याच महिन्यात बाजारात आलेलं ते पाणबुड्यांचं, तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं. त्या किमतीत माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान मालासकट येईल.
पुतण्या हे घालून फार्महाऊसच्या तलावात उतरला. कमरेएवढं पाणी. घड्याळ बाद.
बाजूची चावी घट्ट आवळलेली होती. मागचं झाकण उघडलं तर आत पाणी, मशीन गंजायला लागलेलं. पाणी डोळ्यांनी दिसतंय म्हटल्यावर प्रेशर टेस्ट केलीच नाही. दामोदर म्हणाले, "तुमचं मत काय?" म्हटलं, कॅमेऱ्यासमोरच देतो.

५ फेब्रु., बुध.
माझ्या चॅनलवर व्हिडिओ टाकला. मोबाइल सौ.ने धरलेला, नेहमीसारखा थोडा तिरका. तबकडीभोवतीचं फिरतं कडं चिनी खेळण्यासारखं वाजतं, काट्यांचा रंग भडक, पट्टा मनगट सोलतो, सगळं बोललो. शेवटी म्हणालो, "तीनशे मीटर लिहिलंय, कंबरभर पाणी सोसलं नाही. यापेक्षा स्टेशनाबाहेरचं डुप्लिकेट घ्या." बोलताना हात शिवशिवत होते. हातोडी घेऊन तिथेच ठेचलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.
सकाळपासून फोन वाजतोय. खोटं कशाला लिहू, मजा येतेय.

६ फेब्रु., गुरु.
मजा संपली. दामोदरने व्हिडिओ दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकला. ठाकुर्लीवाले म्हणतात, शेठने जावयाला डुप्लिकेट घातलं. मी असं म्हणालोच नव्हतो! पण शब्द माझाच. काल रात्रीच शेठचा मुलगा जितू चार पोरं घेऊन ठाकुर्लीला गेला, गाडीच्या काचा फोडल्या. मध्ये पडलेल्या दामोदरच्या डोक्यात रॉड बसला. सात टाके.
हळद वीस दिवसांवर. ठाकुर्लीवाल्यांनी लग्न थांबवलं.

९ फेब्रु., रवि.
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर असंच येणार.
परवा दु. चारला जितू दुकानात आला. एकटाच. काउंटरवरून हात घालून कॉलर धरली. "माज्या बापानी डुप्लिकेट दिलं काय रं? बोल ना आता. कॅमेऱ्यात लय बोलतोस." मी म्हणालो, मशीन अस्सल आहे, मी घड्याळाला नावं ठेवली, तुझ्या बापाला नाही. ऐकतोय कुठे. तोंडावर दोन बसल्या, दात ओठात घुसला. मग बाहेर ओढलं, माझा उजवा हात उंबऱ्यावर दाबला आणि शटर खाली ओढलं. एकदा. नंतर परत वर करून अजून एकदा.
तीन बोटं मोडली. डॉक्टरांना मी सांगितलं, शटर पडलं.
सौ. म्हणते चौकीत चला. मी नको म्हणतो. घाबरलो, दुसरं काय. या हाताने चाळीस वर्षं केसाएवढे स्क्रू बसवले.

११ फेब्रु., मंगळ.
झोपून नुसते विचार. जितूचं डोकं दुकानातल्या शिकंज्यात धरायचं आणि दांडा हळूहळू फिरवायचा. दिवसभर हेच. सौ.ने वरणभात भरवला तर ताट उडवलं. तिने फरशी पुसली. लाज वाटली, पण सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

१३ फेब्रु., गुरु.
शेठची मुलगी घरी आली. पल्लवी, जिचं लग्न थांबलंय ती. घरात न सांगता. हात बघून दारातच थांबली. "जितूदादा ना?" मी मान हलवली. खाली बसून रडली. म्हणाली, "काका, अप्पांनी डुप्लिकेट नाही दिलं एवढं तरी सांगा. तो चांगला आहे हो. त्याचे दामोदरकाकाच ऐकत नाहीत."
मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, चूक आमचीच, बंद घड्याळ घालायलाच नको होतं.
बंद?
तर म्हणे त्यांच्या घरात पणजोबांपासूनची रीत. अंगठी घातली की त्या मुहूर्तावर घड्याळ थांबवायचं, हळद लागली की चालू करायचं. शेठने स्वतः चावी बाहेर ओढून ठेवलेली. आत ढकलायची नाही म्हणून जावयाला बजावलेलं. तिने मोबाइलवर फोटो दाखवला, पोराने तलावातून पाठवलेला. मनगट पाण्यात अर्धं बुडालेलं आणि चावी सताड बाहेर.
बाहेर आल्यावर पोराने ती आवळली असणार, आणि माझ्याकडे आलं ते आवळलेलं.
चावी बाहेर म्हणजे पाण्याला दारच उघडं. तीनशे मीटर काय, बादलीतही बुडालं असतं.
तिला चहाही विचारला नाही मी.

१४ फेब्रु., शुक्र.
दुकान उघडलं. मशीन काढून घड्याळाची रिकामी केस प्रेशरवर लावली, सगळं डाव्या हाताने, दोन तास गेले. चावी आवळून कोरडी ठणठणीत. चावी ओढून, पाण्याने भरली.
म्हणजे माझं मत चुकलं. जी टेस्ट आंधळासुद्धा करेल ती मी केली नाही, कारण महागड्या घड्याळाची जिरवायची होती.
एक मात्र खरं सापडलं. जुन्या मॉडेलला चावीखाली लाल पट्टी असायची, उघडी राहिली तर लांबून दिसे. नव्यात ती काढून टाकली, दिसायला छान म्हणून. हा खरा दोष. मी कड्याच्या आवाजावर पाच मिनिटं बोललो आणि हा बघितलासुद्धा नाही.

१६ फेब्रु., रवि.
सकाळी दामोदरला फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जिथे बोललात तिथेच बोला. व्हिडिओ टाका, आम्ही लग्नाची तारीख धरतो. पण शेठच्या माणसांनी दमदाटी करून बोलायला लावलंय असं कळलं तर विषय संपला."
दुपारी शेठ स्वतः आले, मीच बोलावलेलं. केस पाण्यात घालून दाखवली. म्हातारा कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. "माज्याच हातानी झाला ना. माजं नाव घेऊन सांग, मना काय लाज नाय. पोरीचं लगीन होऊंदे." मग हाताकडे लक्ष गेलं. "ह्ये काय झालं?"
जितू त्यांच्या मागेच उभा होता. गाडीची किल्ली बोटावर फिरवत.
म्हणालो, शटर पडलं.
शेठ म्हणाले, "संभाळून रं बाबा." जितू बाहेर बघायला लागला.

१७ फेब्रु., सोम.
काय बोलायचं ते पाठ आहे. घड्याळ अस्सल. सील उत्तम. चूक माझी, टेस्ट न करता बोललो. लाल पट्टी काढली ही कंपनीची चूक. तीन मिनिटांचं काम.
सौ. मोबाइल घेऊन समोर बसलीय. हात कुठे ठेवायचा यावर सकाळपासून भांडण. ती म्हणते, टेबलावर ठेवा, जगाला दिसू दे त्याने काय केलं. दिसला तर दामोदर म्हणणार, मत मारून वदवून घेतलंय, आणि त्या पोरीचं लग्न गेलं. टेबलाखाली घातला तर जितू मोकळा, आणि शटर पडलं हे मी तिसऱ्यांदा बोललो. चेहऱ्यापुरतंच धर म्हटलं, तर म्हणाली, पहिल्या व्हिडिओत सगळे तुमचे हातच बघत होते.
दोनदा रेकॉर्ड केलं. एकदा हात वर, एकदा खाली. दोन्हीत बोललोय तेच, शब्दाला शब्द. दामोदरचा दोनदा फोन येऊन गेला. सौ. म्हणतेय, सांगा, कुठला टाकू.