अख्खं गांडूळ

१४ ऑक्टोबर, दुपारचे अडीच

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझं खोकं काल मिळालं. बाबांच्या माशाच्या फोटोची फ्रेम शाबूत आहे, काचेवर ओरखडासुद्धा नाही. आत तू इतके कागदाचे बोळे कोंबले होतेस की ते गोळा करण्यात माझा अर्धा तास गेला. पण असो, काळजीने पाठवलंस.

इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू डॉक्टर पुढच्या महिन्यात काढू म्हणतात. दुकानातलं शाळेच्या गणवेशांचं काम ज्या दिवशी संपलं त्याच दिवशी माझ्या मशीनचा पट्टा तुटला, म्हणजे मशीनलाही माझ्याइतकीच अक्कल आहे म्हणायची. तुझ्या बायकोने दिलेलं क्रीम मी रोज टाचांना लावते. ते चेहऱ्याचं आहे हे परवा वाचलं. आता टाचा तरी तरुण दिसतात.

फोटो बाबांनी कुठे लावायला लावला सांगू? मी म्हटलं पलंगासमोर लावते, पडल्या पडल्या दिसेल. तर नको म्हणाले. पाठीमागच्या भिंतीवर लाव, उशीच्या बरोबर वर. धाकटा फोन करतो तेव्हा त्याला दिसला पाहिजे. मग मी स्टुलावर चढले, खिळा ठोकला, आणि ते मोबाइल समोर धरून थोडा डावीकडे, थोडा खाली, असं सांगत राहिले. तीन भोकं पडली भिंतीला.

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन बाबांच्या खोलीत होतो. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि मग आपलं जे काही बोलणं व्हायचं ते तिघांचं होतं. हे दोघांचं आहे.

परवा तू सांगितलंस, पुढच्या वर्षी तिकडच्या उन्हाळ्यात परत तीच परदेशातली नदी, तोच मासेमारीचा गाइड, आणि या खेपेला दहा दिवस. बाबा इतक्या जोरात हो म्हणाले की मी स्वयंपाकघरातून पळत आले, मला वाटलं पडले की काय. फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ गुडघा चोळत बसले. त्या विमानात सलग अकरा तास पाय दुमडून बसल्यापासून तो गुडघा सरळ होत नाही. हे तुला मी सांगितलं नव्हतं, कारण सांगू नको असा हुकूम होता. या घरात तुला न सांगण्याच्या गोष्टींची यादी मोठी आहे. मी ती तोंडपाठ केली आहे.

त्या सहलीबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, असं तुझी बायको बोलल्याचं कानावर आलं. खरं आहे तिचं. मला का नेलंस ते मला ठाऊक होतं ना. सकाळी बाबांना बाथरूममध्ये कोण नेणार, गोळ्या कोण देणार, पायमोजे कोण चढवणार? तू, तुझी बायको आणि तो तुझा दातांचा डॉक्टर मित्र, तुम्ही मासे धरायला गेला होतात. मी बाबांना धरायला आले होते.

पण तू त्यांना का नेलंस तेही मला ठाऊक होतं, आणि त्यात खोट नव्हती. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, दर रविवारी गावाबाहेरच्या खाणीच्या तळ्यावर जाऊन बसायचा आणि तळहाताएवढे मासे घेऊन यायचा. एकदाच मोठा लागला आणि दोरी तुटली. तू सहा वर्षांचा होतास, काठावर होतास, आणि त्यांच्यापेक्षा जास्त तूच रडलास. मीही होते काठावर. मी दोरीचा गुंता सोडवत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

तर ती नदी. लाकडी घर, समोर होड्यांचा धक्का, आणि त्या गाइडचे नियम. हात ओले केल्याशिवाय माशाला हात लावायचा नाही, फोटो काढायचा, लगेच पाण्यात सोडायचा. चार दिवस बाबांना काही म्हणजे काही लागलं नाही. दातवाला रोज दोन-तीन काढायचा आणि दरवेळी म्हणायचा, काका, तुम्हालाही लागेल हं. दाढ काढायच्या आधी पेशंटशी बोलतात ना, त्या आवाजात. चौथ्या दिवशी संध्याकाळी तू धक्क्यावर एकटाच बसला होतास. तुझा चेहरा बघून मला वाईट वाटलं होतं. हे खरं सांगतेय, लिहून ठेव.

पाचव्या दिवशी सकाळी तू, दातवाला आणि गाइड, तुम्ही तिघंच लवकर गेलात. परत आलात तेव्हा मी धक्क्यावर बाबांचे मोजे वाळत घालत होते. होडीला बांधलेली ती जाळीची लांब पिशवी पाण्यात होती, आणि तिच्यात मासा होता. चांगला चार किलोंचा. शेपटीच्या वरच्या टोकाला त्रिकोणी खाच होती, आपण कापडाला जोडाची खूण म्हणून कात्रीने मारतो तेवढीच. तुझं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तू घाईघाईने म्हणालास, वजन करून सोडणार आहोत. मी मान हलवली. बावीस वर्षं कापडातल्या खाचा बघून पोट भरते मी, पण तुला काय त्याचं.

दुपारी सगळे होडीत. बाबांची बोटं थरथरतात म्हणून गळाला गांडूळ नेहमीसारखं मीच ओवलं. त्यांनी गळ डावीकडे टाकला. थोड्या वेळाने तू उजवीकडे बोट दाखवलंस, बाबा, तो पक्षी बघा केवढा. पक्षी नव्हता. बाबा उजव्या डोळ्याने तो नसलेला पक्षी शोधत राहिले आणि गाइड डावीकडे वाकला. मग काठी वाकली आणि तू असा ओरडलास की समोरच्या काठावरचे लोक वळून बघायला लागले.

मासा मुकाट्याने आला. तुझी बायको शूटिंग करत होती, दातवाला टाळ्या वाजवत होता, तू बाबांच्या पाठीला मिठी मारून रडत होतास. बाबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आता मेलो तरी चालेल, असं ते म्हणाले. मी शेपटीकडे पाहिलं, खाच होती. मग तोंडाकडे पाहिलं. गळ ओठात बाहेरून अडकवला होता आणि माझं गांडूळ त्यावर अख्खं वळवळत होतं. अरे, तोंडात तरी घालायचं होतंत. इतका महागडा गाइड आणि एवढी साधी गोष्ट तिघांपैकी एकालाही सुचली नाही.

मी गप्प बसले. त्याचे गुण मला दे. घरी येऊनही मी एक महिना गप्प होते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. मधे दोनदा उठून पाणी पिऊन आले.

गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारचे पोस्टमास्तर आले होते. मी खाली बसून बाबांच्या पायाची नखं काढत होते. तुला माहीत नसेल, ती आता लाकडासारखी झाली आहेत, आधी कोमट पाण्यात भिजवावी लागतात. बाबा पोस्टमास्तरांना माशाची गोष्ट सांगत होते. अकराव्यांदा. दरवेळी माशाचं वजन पाव किलोने वाढतं. आणि दरवेळी शेवट तोच, माझ्या धाकट्याने नेलं हो, नाहीतर कोण विचारतं म्हाताऱ्याला. त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता, धाकट्या. म्हातारा माझ्या मांडीवर पाय ठेवून म्हणत होता, कोण विचारतं.

पोस्टमास्तर गेले. मी मान वर न करता सांगून टाकलं. मासा सकाळीच पकडलेला होता, शेपटीला खाच होती, पिशवीत ठेवला होता, तुमच्या गळाला हाताने अडकवला. सगळं. शांतपणे सांगितलं, वाईट वाटावं म्हणूनच सांगितलं. मला त्यांचा चेहरा पडलेला बघायचा होता. एकदा तरी तुझ्या नावाने.

चेहरा पडला नाही. ते म्हणाले, "मला माहीत आहे."

मी नखं काढायची थांबले. ते म्हणाले, दमलेला मासा हाताला कळतो. ताजा मासा आधी खाली जातो, हा वर आला. चाळीस वर्षं मशीनवर हात ठेवून पोलाद ओळखलं, मासा ओळखणार नाही का? आणि गांडूळही पाहिलं त्यांनी. तू चांगलं ओवलं होतंस, असं म्हणाले. त्या सगळ्या सहलीत माझं झालेलं हे पहिलं कौतुक.

मी विचारलं, "मग तुम्ही रडलात ते?"

"तो बघत होता ना," ते म्हणाले.

एवढंच. दार वाजलं तर उघडायला नको का, असं म्हणावं तितक्या सहज. मग म्हणाले, त्याला मात्र कळू देऊ नकोस. त्याला मोडून पडल्यासारखं होईल. लहानपणापासून तो तसाच आहे, तुझं तसं नाही.

माझं तसं नाही. पाणी गार झालं होतं. शेवटी त्यांनीच पाय परत पुढे केला आणि म्हणाले, उरलेली दोन बोटं कर.

आता माझं ऐक. तुझा मला राग नाही आला, आधी वाटलं होतं येईल. तू खोटं वागलास ते त्यांच्यासाठी. ते खोटं रडले ते तुझ्यासाठी. होडीत बसून दोघं एकमेकांना फसवत होतात आणि दोघंही सुखात होतात. आणि मी मधे बसून गांडूळ ओवत होते. माझ्यासाठी या माणसाने कधी खोटं बोलायचे कष्ट घेतले नाहीत, धाकट्या. भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणतात. माझं लग्न मोडलं तेव्हा पाहुण्यांसमोर म्हणाले, हिचा स्वभावच तसा. मी शिवलेला सदरा घातला की पहिल्यांदा काखेत आवळतो का ते सांगतात. तू पाठवलेला सदरा दोन मापं मोठा आहे, तो घालून ते फोनवर तुला म्हणाले, अगदी मापात बसला. बाह्या मागून मी धरल्या होत्या.

तर हे पत्र बाबांच्या गुडघ्यासाठी लिहितेय असं मी म्हणू शकले असते. पुढच्या वर्षी त्यांना ओढून नेऊ नकोस, त्यांना झेपणार नाही, ते फक्त तुझं मन राखायला हो म्हणाले. हे सगळं खरंच आहे आणि तू ते बुकिंग रद्द कर. पण गुडघ्यासाठी लिहायचं तर दोन ओळी पुरल्या असत्या. त्यांनी मला सगळ्या आयुष्यात एकच गोष्ट विश्वासाने सांगितली आणि ती तुझ्यासाठी होती. ती मी सांभाळावी असं त्यांना वाटलं, कारण सांभाळायचं काम माझं. महिनाभर सांभाळली. काल खिळा ठोकताना, तिसऱ्या भोकाला, मी ठरवलं.

तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मला बरं वाटेल असं वाटलं होतं, ते काही अजून वाटत नाही. पाकीट बंद करण्याआधी वाटलं तर कळवीन.

बाबा आत्ताच उठले. कोणाला लिहितेस विचारलं. तुला, म्हटलं. तर उठून बसले, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, माझ्याकडूनही चार ओळी घाल. त्यांनी सांगितलं तसं लिहिते, एक शब्दही इकडचा तिकडे केलेला नाही.

"बाळा, फोटो फार झकास आला आहे. डोळे उघडले की आधी तोच दिसतो. सगळा जन्म ज्याची वाट बघितली तो मासा तुझ्यामुळे लागला. गुडघा आता एकदम ठणठणीत आहे. पुढच्या वर्षी याच्याहून मोठा काढू. ताईलाही नेऊ या, तिला तिकडे फार आवडलं."

मी हे त्यांना परत वाचून दाखवलं. आणखी काय लिहिलंस, असं विचारत होते. घरचं सगळं ठीक आहे असं लिहिलं, म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग चहा टाक म्हणाले.

पत्र शनिवारपर्यंत पोचेल. रविवारी तुझा फोन असतोच, तो चुकवू नकोस. फोटो छान लावलाय म्हण, आणि हसून बोल. ते बघत असतील.

तुझी,
ताई