उजव्या बाजूचा बॅक

१ डिसेंबर १९४४, शुक्रवार

जिंकलो. बीदरवाल्यांना एक-शून्य. गोल भीमाशंकरचा, म्हणून फेटा भीमाशंकरला, हलगी भीमाशंकरपुढं, आणि महादेवाच्या देवळापर्यंत खांद्यावरही तोच. बाकीचे आम्ही मागून चालत. मी तर पार शेवटी राहिलो, मधे कुणाची तरी कडब्याची गाडी घुसली.

आणि गोल तरी कसला! चेंडू गुडघ्याला लागून आत गेला. त्याचं तोंड दुसरीकडंच होतं. लोक ओरडले तेव्हा त्याला कळलं की आपण गोल केला.

बीदरचा तो डावा विंगर, ज्याच्या नावानं इथं आठवडाभर सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, तो आज कुठं होता? कुणी विचारलं नाही. तो माझ्या बाजूला होता. त्याच्याकडं चेंडू पोचूच दिला नाही. चेंडू नाही म्हणून तो दिसला नाही, आणि तो दिसला नाही म्हणून मीही दिसलो नाही. बॅकचं हे असंच. चांगला खेळला तर जणू खेळलाच नाही.

घरी आलो तर उमा, स्वतःची बायको, विचारते, "आज तुम्ही खेळलात, का बसवलं होतं?" जेवलो नाही.

४ डिसेंबर, सोमवार

कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकावर फळा लागला. मालकांनी, म्हणजे गुरुसिद्धप्पा शेठनी, फुटबॉलची पगारी टीम काढली त्याला यंदा वीस वर्षं होतात, त्याचा. वर मोठ्या अक्षरात 'आपले नामवंत खेळाडू'. खाली नावं. सगळे फॉरवर्ड. एक बहाद्दर तर एकच मोसम खेळून सोलापूरला जास्त पगारावर पळाला. त्याचंही नाव आहे.

महालिंगप्पांचं नाही. किती वर्षं गोलमध्ये उभे राहिले! दोन्ही हातांची बोटं वाकडी झाली आहेत, आता भाकरी सून मोडून देते. कोंडीरामचं नाही. तो हाफमध्ये असला की समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला माणूस नुसता वैतागून जायचा. धोंडीबाचं तर नाहीच. तो बॅक होता. मी बॅकचं काम त्याच्याकडं बघून शिकलो. तो पळताना कधी दिसायचा नाही. चेंडू यायच्या आधीच तिथं जाऊन उभा असायचा. म्हणायचा, "बॅक पळाया लागला की समजायचं, आधी चुकलाय."

परवाच्या साली मेला तर टीमच्या वतीनं नारळसुद्धा गेला नाही.

मी फळा वाचत होतो तेव्हा महालिंगप्पा आले. म्हणाले, "जागा पुरली नसंल, बाबा."

"खाली हातभर कोरा आहे की."

"ते भीमाशंकरच्या पोरासाठी ठिवलं असंल." आणि हसले. मला हसू आलं नाही. त्यांना येतं याचाही राग आला.

६ डिसेंबर, बुधवार

मॅनेजर शिवलिंगनं बातमी आणली. हैदराबादच्या एका मोठ्या टीमला बॅक पाहिजे. संक्रांतीनंतर त्यांचा माणूस येऊन मॅच बघणार आणि आमच्यातला एक बॅक घेऊन जाणार. एकच. डावा ईरण्णा आणि उजवा मी, दोघांतला एक.

मी एकतिसाचा झालो. यंदा गेलो तर गेलो. नाहीतर दोन मोसमांनी मालक मला सरकी उपसायला लावणार, हे ठरलेलं आहे. पण खरं सांगायचं तर नोकरीचंही एवढं नाही. तिथल्या लोकांना खेळ कळतो म्हणतात. एकदा, मरायच्या आधी एकदा, कुणीतरी डोळे असलेल्या माणसानं माझा खेळ बघावा, एवढंच वाटतं. इथं कोण बघतो? चेंडू जिकडं, माना तिकडं.

८ डिसेंबर, शुक्रवार

मॅच झाली. बरोबरी. माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, म्हणजे मी चांगला खेळलो असणार.

१५ डिसेंबर, शुक्रवार

आज भलतंच झालं.

गुलबर्ग्याच्या टीमशी मॅच होती. लढाईमुळं चेंडूला नवा रबरी ब्लॅडर मिळत नाही, ठिगळ लावलेल्यावरच चाललं आहे. टप्पा पडला की चेंडू कुठं उडेल याचा नेम नाही. तसाच उडाला आणि माझ्या डोक्यावरून गेला. विंगर मोकळा सुटला. मी वळलो, पडलो, उठलो, जीव खाऊन पळालो आणि गोलच्या तोंडाशी आडवा पडून पायाच्या बोटानं चेंडू बाहेर ढकलला. तोंडात सगळी माती.

मग जो गलका झाला! लिंबावर चढून बसलेली माणसं खाली उतरली. मालक खुर्चीतून उठले. मॅच बरोबरीत सुटली तरी फेटा मला. बॅकला फेटा, या टीमच्या जन्मात पहिल्यांदा. देवळापर्यंत खांद्यावर नेलं. एकजण सारखा ओरडत होता, "शांतलिंगअण्णा बिजली हाय, बिजली!"

उमा दारात उभी होती. फेट्याला हात लावून बघितला फक्त.

१६ डिसेंबर, शनिवार

चुकलो म्हणून फेटा मिळाला. चेंडूचा अंदाज बरोबर घेतला असता तर मधेच अडवला असता, आणि कुणी ढुंकून बघितलं नसतं. आठ वर्षं बरोबर खेळतोय. आठ वर्षांत कुणी आपणहून पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. एकदा चुकलो, तर मालक स्वतःच्या हातानं फेटा बांधतात.

घर पेटू न देणाऱ्याला कोण विचारतं! पेटू द्यावं, मग घागर घेऊन धावावं. लोक त्याच्या पाया पडतात.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आज मुद्दाम सोडला.

एकदाच. हाफटाईमनंतर. विंगरला वाट दिली, पुढं जाऊ दिलं, मग मागून गाठून घसरत चेंडू काढला. अवघड काही नव्हतं, त्याच्या पायात वेगच नव्हता. पुन्हा तोच गलका. मला वाटलं होतं, मनाला लागेल. नाही लागलं.

२९ डिसेंबर, शुक्रवार

आज दोनदा. आता गावात माझं नावच बिजली पडलं आहे. पानवाला पैसे घेत नाही. भीमाशंकर माझ्याशी बोलत नाही. बरं वाटतं, इथं खोटं कशाला लिहू? शिवलिंग म्हणाला, फळ्यावर तुझं नाव घालायचं मालकांच्या मनात आहे.

घाला. पण महालिंगप्पांच्या आधी माझं, हे वाचून त्यांना काय वाटेल? वाटेना का. माझ्यासाठी ते कुठं भांडले होते?

६ जानेवारी १९४५, शनिवार

ईरण्णाशी वाजलं.

कालची मॅच झाल्यावर घोट्याच्या पट्ट्या सोडत बसलो होतो. बाकीचे गेले होते. तो खाली बघतच म्हणाला, "शांतलिंगा, तू मुद्दाम सोडतोस काय?"

मी म्हणालो, "कशाला सोडू?"

"म्या आठ साल तुज्या शेजारी हाय. तुजी पाठ बगून मला कळायचं, चेंडू कुठं येणार. आता काय बी कळंना झालंय. तू सोडतोस, मग मला माजी जागा सोडून मधी यावं लागतंय. मपली बाजू उघडी पडती. एक दिस दोघं बी फसू."

"तुला जळतंय."

त्यानं पट्टी गुंडाळली, नीट खिशात घातली. "व्हय, जळतंय की. फेटा कुणाला नको? पर म्या ते न्हाय बोलत."

घरी येऊन विचार केला. हैदराबादचा माणूस यायच्या तोंडावर हा मला साधं खेळायला सांगतो. मी साधा खेळलो की दिसणार नाही. मग दिसणार कोण? हाच. वा रे शहाणा.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. उमानं ईरण्णाच्या घरी तीळगूळ पाठवला. मला जा म्हणाली. गेलो नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

माणूस आला. खानसाहेब म्हणतात. म्हातारा, काटकुळा, जुनी शेरवानी. मालकांच्या बंगल्यावर उतरले आहेत. शिवलिंगला विचारलं, काय म्हणतात? म्हणाला, "लई बोलत न्हाईत. चहा तेवढा घेतात."

उद्या सोलापूरच्या मिलवाल्यांशी मॅच आहे. कसं खेळायचं? सकाळपासून हेच डोक्यात आहे. इतकी वर्षं म्हणत आलो, डोळे असलेला कुणी येऊ दे. आता आला आहे, तर धीर होत नाही. त्याला डोळे नसले तर? तोही सगळ्यांसारखाच निघाला तर? मी माझ्या जागेवर नीट उभा राहीन, चेंडू माझ्याकडं येणार नाही, आणि तो चहा पिऊन विचारील, उजवीकडं कोण होता?

उमा म्हणाली, "तुम्ही आधी खेळायचात तसं खेळा."

"तू तरी बघितलंस का कधी?"

तिला तसं बोलायला नको होतं. पण खरंच आहे.

१९ जानेवारी, शुक्रवार

छातीवरचं इष्टलिंग फडक्यानं आवळून बांधलं, नमस्कार केला आणि उतरलो.

तीनदा सोडला. पहिल्यांदा घसरून काढला. दुसऱ्यांदा विंगरच्या पुढ्यात उडी मारून डोक्यानं काढला, कपाळ फुटलं, रक्त आलं. लोक वेडे झाले. तिसऱ्यांदा जरा उशीर झाला. चेंडू गोलकडं निघालाच होता, पण ईरण्णा कुठून आला कोण जाणे, तिथं उभाच होता. त्यानं पायाच्या आतल्या बाजूनं थांबवला आणि हाफला देऊन टाकला, दुकानात उधारी परत करावी तसा. मी तेव्हा धावत जवळ पोचलो होतो, म्हणून लोक माझ्याच नावानं ओरडले.

एक-शून्य जिंकलो. फेटा मला. गोल करणारा भीमाशंकर बाजूला उभा, आणि फेटा मला! कपाळावरच्या रक्तावरच बांधला.

खानसाहेबांकडं बघत होतो. त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. चेंडू एकीकडं आणि ते बघतात दुसरीकडं, जिथं कुणी नाही तिकडं. म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं.

२० जानेवारी, शनिवार

अजून बोलावणं नाही. उमानं माझी चांगली धोतरजोडी काढून ठेवली आहे.

२१ जानेवारी, रविवार

ईरण्णाला घेतलं.

ईरण्णाला! ज्याचं नाव सोलापूरवाल्यांना तर सोडाच, इथल्या अर्ध्या गावाला माहीत नाही. त्याच्या बापानं कधी त्याची मॅच बघितली नाही. मालक स्वतः म्हणाले म्हणे, "खानसाहेब, चूक होतीया, आमची बिजली ह्यो न्हाय, तो." तरी ईरण्णाच.

तडक शिवलिंगकडं गेलो. म्हणालो, आंधळ्याला कशाला बोलावलं? खेळ कळतो का त्याला?

शिवलिंग म्हणाला, "अरं, ते सोता बॅक होते. त्याच टीमचे. चौदा साल खेळले. हैदराबादेत आता कुणाला नाव बी ठावं न्हाय त्यांचं. मालकांना बी काल कळलं."

बॅक होते. चौदा वर्षं.

मग तर जास्तच संताप आला. स्वतः बॅक, स्वतःला कुणी विचारलं नाही, आणि त्यांनाही मी दिसलो नाही? कपाळ फोडून घेतलं तरी?

२३ जानेवारी, मंगळवार

ईरण्णा निरोप घ्यायला आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. तिथूनच सांगितलं.

खानसाहेब मिळेल त्या बॅकला न्यायला आले नव्हते. एका ठरावीक माणसाला न्यायला आले होते. दोन वर्षांमागं उस्मानाबादच्या उरुसात आमची मॅच झाली होती, शून्य-शून्य. ते नात्यातल्या कुणाकडं आले होते, लोकांत उभं राहून बघत होते. उजव्या बाजूला एक बॅक होता म्हणाले. नाव विचारायचं राहून गेलं. हाफटाईमनंतर समोरच्यांनी त्याच्या बाजूला चेंडू न्यायचंच सोडून दिलं होतं. असा बॅक मी जन्मात दुसरा बघितला नाही, म्हणाले. तो कुठं गेला?

"म्या सांगितलं त्यास्नी," ईरण्णा म्हणाला. "साहेब, तो ह्योच की. आमचा शांतलिंग."

"मग?"

"मान हलवली. म्हणाले, नै मियां, वो दूसरा आदमी था."