जर्मनची कमान

॥ श्री ॥
परभणी, ता. १० नोव्हेंबर १९५७

चि. लिंबाजी भाऊजी यांस,
सारजावहिनीचे अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सर्व खुशाल. तुमच्या दादांचा खोकला थांबला. जालन्यात जेवणाची सोय कशी आहे ते कळवावे. कार्डात मावणार नाही म्हणून आज पाकीट घेतले, यावरून काय ते समजा.

आपल्या कारखान्यात पुन्हा जर्मनचे, म्हणजे त्या ॲल्युमिनियमचे, काम आले आहे. बन्सीधरशेठची प्रवासी मोटार पिंगळीजवळ नाल्यात कलंडली, छताच्या कमानी वाकल्या. उन्हाळ्यात तसलीच कमान भट्टीत वितळली, तेव्हापासून दादा जर्मनला हात लावत नव्हते. मीच म्हटले, घ्या.

युक्ती चुलीपाशी सापडली. जर्मनचे पातेले घासताना बाहेरून साबण राहिला, आणि मी ते रिकामेच विस्तवावर विसरले. साबण काळा पडला. निवल्यावर पाहते तर पोचा अंगठ्याने दाबला जातो! आता कमानीला साबणाचे तुकडे चोळतो. काळा पडला की विस्तवातून काढायची, निवली की लाकडी हातोडा. लोखंडासारखी लाल व्हायची वाट पाहायची नाही. जर्मन लाल होत नाही, एकदम वितळून बसते.

ती वाट मी पाहिली होती, भाऊजी.

“वहिनी, भाता चालू ठेवा, आलोच,” म्हणून तुम्ही कोळसा आणायला गेलात. मी ओढतच राहिले. तुम्ही आलात तेव्हा कमान निखाऱ्यांत सांडली होती. मागोमाग दादा. “लिंब्या, ध्यान कुठं हाय तुझं?” तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिले आणि गप्प राहिलात. मी हात पुसत आत गेले. त्या दिवशीही गल्लीतल्या बायकांना रोजच्यासारखी पोथी वाचून दाखवली. मॅट्रिक झालेली बाई चुकली हे गल्लीत कळू नये, एवढ्यासाठी तुम्हाला घर सोडू दिले.

काल तिसरी कमान सरळ झाली. शेठ म्हणाले, “बरं झालं, तो जाळणारा गेला.” दादा हसले. मी उंबऱ्यातून म्हटले, “भाऊजींनी न्हाई जाळली. मी जाळली.”

शेठ चहा तसाच ठेवून उठले. दादा म्हणाले, “इतके महिने तोंड शिवलं होतं का तुझं?”

“होय,” म्हटले.

तेव्हापासून बोलत नाहीत. छताची लांब पट्टी राहिली आहे. तिला दोन टोकांना दोघे लागतात. सकाळी मी पुढे झाले तर एवढेच म्हणाले, “ठिव. त्याची जागा हाय ती.”

यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. या म्हणायचा हक्क मला नाही. पण ज्या ज्या दुकानात तुम्हाला नावे ठेवली, तिथे मी जाऊन खरे सांगते आहे. आज लोखंडवाले आणि कोळसेवाले झाले. उद्या स्टेशनकडची दुकाने. तुम्ही आलात, न आलात, तरी एक दुकान सोडणार नाही.

सहा महिने तुमच्या आडोशाला उभी राहिलेली,
तुमची वहिनी
सारजाबाई