कागदावरचा जोंधळा

आबा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. उद्या मामलेदार कचेरीत तुमच्याविषयी एक कागद सही करून द्यायचा आहे, आणि सकाळपासून माझं शिकवण्यात लक्ष नाही. शाळा सुटली, मुलं गेली. मी वर्गातच बसून हे लिहितो आहे.

सरकारने आता कुठे फळं-भाजीवाल्यांना हात द्यायचं ठरवलं आहे. आजवर मदत यायची ती धान्याला, कापसाला. आता बाग असेल त्याच्या विहिरीला बोअरिंग मारून देणार. तुम्ही पाडलेल्या आपल्या विहिरीत जेमतेम घागर बुडेल एवढं पाणी आहे. धाकट्या भावाचे पेरू हा उन्हाळा काढतील असं वाटत नाही. पण पीकपाहणीच्या कागदावर बाग असली तरच मदत, आणि आपल्या कागदावर तुमच्या काळापासून नुसता जोंधळा आहे.

कुंभारीच्या आपल्या मळ्यात तलाठी पाहणीला यायचे ते दिवस मला दिसतात. तुम्ही मोटेजवळ घोंगडी अंथरता, पेरू कापून पुढे ठेवता. ते विचारतात, “काय लिहू?”

“जोंधळा लिवा की, भाऊसाहेब.”

“आणि मी हे खातोय ते?”

“त्ये व्हय? बांधावर आपसूक उगवलंय.”

“बराच रुंद दिसतो तुमचा बांध!”

दोघंही हसता. जाताना त्यांच्या पिशवीत वांगी. बाग लिहिली की धारा, म्हणजे जमिनीचा सारा, वाढतो, ही तुमची भीती. मग गारपीट झाली, पेरू झडले, वांग्यांच्या नुसत्या काटक्या उरल्या, तेव्हा सरकारने कागद बघून तुम्हाला जोंधळ्याचं बियाणं दिलं. “सरकारला लई काळजी आपल्या जोंधळ्याची,” म्हणत तुम्ही पोतं उतरवलंत. आई हसली नाही.

परवा कचेरीतले साहेब म्हणाले, “स्वतः पाडलेल्या विहिरीवर बाग केली तर धारा वाढत नाही, हा जुनाच नियम आहे. मग चुकीचं का लिहवून घेतलंत? कारण लिहून द्या, बघू.” कारण म्हणजे तुम्ही. धाकटा भडकला. “आबाला मेल्यावर खोटं पाडनार व्हय? मास्तर झालास म्हून?” आतून त्याची बायको म्हणाली, “मग आबा येनार हायती का झाडास्नी पानी द्यायला?” तो उठून मळ्याकडे गेला, अजून माझ्याकडे बघत नाही. सही करूनही मंजुरी मिळेलच असं नाही. तुमचं नावही जाईल आणि झाडंही जातील, या धास्तीने जेवण गोड लागत नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच सांगायची आहे. तो नियम मी ट्रेनिंग कॉलेजात असताना वाचला होता. सांगायला मळ्यात आलो, तर मोट हाकता हाकता, गड्यांदेखत तुम्ही म्हणालात, “मास्तर, पुस्तक तुमी वाचा, जमीन आमाला वाचू द्या.” सगळे हसले. मला ते फार लागलं. त्यानंतर चार वर्षं तुम्ही होता. पुन्हा सांगता आलं असतं. धाकट्यालाही सांगितलं नाही. वडिलांचा मान राखला, असं मी आजवर स्वतःला समजावत आलो. मान नव्हता, आबा, राग होता.

उद्याच्या कागदावर तुमचं नाव लिहीन. माझं हे त्यात येणार नाही. ते या वहीतच राहील.