सात नंबर आयर्नच्या मागचे शिसे

मी, जयवंत गुणाजी परब, वय वर्षे सव्वीस, धंदा गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणारा, आणि क्लबांची म्हणजे गोल्फच्या काठ्यांची दुरुस्ती, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, आज रविवारी सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. शाळा आठवीत सुटली, तरी प्रत्येक अवघड शब्द मी शब्दकोशात पाहून घेतला आहे. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असल्यास त्यावरून कागद रद्द समजू नये.

लिहिण्याचे कारण असे की, लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. उद्या सकाळी मी इस्पितळात दाखल होणार असून मंगळवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ जण बरे होऊन घरी जातात. आईसमोर मी मान हलवली.

१. राहती खोली वडिलांच्या पश्चात माझ्या नावावर झाली, ती आई जानकी हिची. तिच्यानंतर धाकटी बहीण क्षमा हिची. क्षमाच्या होणाऱ्या नवऱ्याने कधी खोली विकायची भाषा केल्यास हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

२. पोस्टातले बचतीचे पुस्तक आईचे. कपाटातला नवा शर्ट माझ्या प्रेताला घालू नये, तो अजून एकदाही घातलेला नाही. मामाच्या मुलाला द्यावा, त्याला तो बसतो.

३. माझी हत्यारे, म्हणजे लहान शिकंजा, दोन कानशी, लाकडी हातोडी आणि शेगडी, ही बाळा धाकू राणे याला. बाळा माझ्या शेजारी बसून क्लबांना नवीन मूठ बसवण्याचे काम करतो. अट एकच. कानशीला तेल लावून ठेवावे आणि तिने सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडू नये. त्याने हे माझ्यासमोर चार वेळा केले आहे.

४. हिरव्या पुठ्ठ्याची वहीही बाळालाच, कारण ती त्याच्यामुळेच भरली. भांडण असे होते. आयर्नच्या, म्हणजे लोखंडी क्लबच्या, पात्याच्या मधोमध बॉल लागला तर हाताला काही कळत नाही, लोणी कापल्यासारखे होते. टोकाकडे किंवा दांड्याच्या बाजूला लागला तर मुठीत झिणझिण्या येतात. बाळाचे म्हणणे, "झिणझिण्या हाताला येतात रे, बॉलला काय त्याचं? लागला म्हणजे गेला. तू उगाच पात्यावर खडू लावून काय बघत बसतोस, हस्तरेखा?"

मी म्हटले, "फरक पडतो. मोजून दाखवतो."

"मोज. मेंबर लोक जन्मभर टोकानेच मारतात, त्यांचं कोणी काय वाकडं केलंय?"

सोमवारी मैदान बंद असते. तेव्हा मी सात नंबर आयर्नच्या पात्याला खडू लावून दोनशे बॉल मारले आणि प्रत्येक डाग व अंतर वहीत लिहिले. मधोमध लागलेले आणि बोटाच्या एका पेराएवढे टोकाकडे लागलेले यांत सरासरी दहा पावलांचा फरक आहे, टोकाचे तोकडे पडतात. बाळाने वही पाहिली आणि म्हणाला, "दहा पावलं? एवढं तर मी लघवीला जाताना चालतो." सगळे हसले. वही इथे देण्यामागे राग आहे हे मी लपवत नाही.

५. माझे पाच जुने आयर्न सहदेव लवू तांबे याला. ते का, हे लिहिण्यासाठीच मी हा कागद घेतला.

सहदेव हा आमच्या मैदानावरचा सर्वांत चांगला कॅडी होता. नुसते उभे राहून तो अंतर सांगायचा आणि मी मागाहून पावलांनी मोजले तर दोनापेक्षा जास्त चूक कधी निघाली नाही. तो चंद्रप्रकाश नेवरेकर साहेबांची बॅग सांभाळायचा. साहेबांचा बॉल नेहमी टोकाकडेच लागतो, त्यांच्या सात नंबरवर तिथे पावलीच्या नाण्याएवढा घासलेला डाग आहे. सहदेवला ते ठाऊक होते, म्हणून तो टोकाचा मार हिशेबात धरूनच क्लब द्यायचा.

फेब्रुवारीतल्या कपाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी साहेबांचा तो सात नंबर मूठ बदलण्यासाठी माझ्याकडे आला. वजन टोकाकडे वाढवले तर टोकाचा मारही भरीव बसेल, असे माझ्या डोक्यात कित्येक दिवस होते. ट्रॉम्बेच्या कोळीण सगुणाबाईंकडून मासेमारीच्या जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या होत्या. त्या ठोकून दीड तोळ्याची पट्टी केली, पात्याच्या मागे टोकाला चिकटवली आणि वर काळा रंग दिला. साहेबांना विचारले नाही. सहदेवला सांगितले नाही. सामना झाल्यावर बाळाला दाखवायचे, एवढाच माझा विचार होता.

शेवटच्या होलवर सहदेव म्हणाला, "एकशे चाळीस पावलं. सात नंबर." साहेबांनी मारला. पट्टीमुळे टोकाचा मारही भरीव बसला आणि बॉल हिरवळीवरून पलीकडच्या नाल्यात गेला. साहेब सर्वांसमोर सहदेवला म्हणाले, "मला हरवायला कोणी सांगितलं होतं तुला?" त्याच संध्याकाळी सहदेवचा कॅडीचा बिल्ला काढून घेतला, काम सुटले. मी तिथेच, बॅगांपाशी उभा होतो. बॅग माझ्याकडे आल्यावर मी पट्टी खरवडून काढली. ती या कागदाला टाचली आहे.

चूक माझी आहे. हा कागद ज्या लिफाफ्यात घालीन तो माझ्या मृत्यूनंतरच उघडावा आणि सहदेवला द्यावा.

६. दिवसकार्य साधे करावे. तिरडीवर क्लब ठेवण्याची थट्टा बाळाने एकदा केली आहे, ती प्रत्यक्षात आणू नये.

पुरवणी, त्याच दिवशी

वरील मजकूर लिहून झाल्यावर बाळा साक्षीदार म्हणून सही करायला दहा वाजता आला. सही करायची तर न वाचता करतो म्हणाला, पण वाचले. पाचव्या कलमावर बराच वेळ थांबला. मला वाटले आता हसेल.

"मेल्यावर खरं बोलणार तू?" तो म्हणाला. "मग तुझं त्यात काय जाणार रे? आणि जगलास तर? लिफाफा कपाटात, आणि सहदेव आहे तिथेच?"

मी म्हटले, छातीत धडधडतंय, मला आज कुठे जायला नको.

"धडधडू दे. मी आहे बरोबर."

सहदेव सध्या मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकमधला माल उतरवतो. आम्ही रिक्षाने गेलो. तो पोत्यावर बसून डबा खात होता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने सावकाश वाचला, मग टाचलेली पट्टी सोडवून तळहातावर धरली.

"म्हणजे एकशे चाळीसच होती?"

"एकशे चाळीसच. मी नंतर मोजली."

त्याने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाला, "मला वाटलं डोळा गेला माझा. हा रस्ता ओलांडताना ट्रक किती लांब आहे ते मी दोन-दोनदा बघतो रे, जयवंता. बायकोला सांगितलं, चष्मा लागला असेल. डॉक्टर म्हणाला, नजर साफ आहे. तरी विश्वास बसेना."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही, मला सांगता येत नाही. आयर्नविषयी म्हणाला, "तुझं लोखंड तुझ्याकडे ठेव. हे साहेबासमोर वाच. आजच. उद्या तू आत जाणार, तिथून कोण येतो कोण नाही."

तीन वाजता आम्ही तिघे मैदानाच्या फाटकापाशी होतो. साहेब गाडीकडे येत होते. मी उभ्यानेच पाचवे कलम वाचले. दोनदा श्वास लागला तेव्हा बाळाने पाठीवर हात ठेवला.

साहेब म्हणाले, "माझ्या क्लबला तू मला न विचारता हात लावलास?"

"हो."

मग ते सहदेवकडे वळले. "तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो होतो, साहेब. एकशे चाळीस म्हणालो होतो."

साहेबांनी कागद मागितला, पुन्हा स्वतः वाचला. माझ्या बॅगेला पुन्हा शिवायचं नाही, असे मला सांगितले, ते मला मान्य आहे. सहदेवच्या बिल्ल्याबद्दल बुधवारी कमिटीत बोलतो म्हणाले. बुधवारी मी असेन की नाही हे माहीत नसल्याने, त्यांनी हे मान्य केल्याची सही आत्ताच खाली द्यावी, अशी मी विनंती केली. त्यांनी खिशातले पेन काढले.

त्यामुळे पाचव्या कलमातील लिफाफ्याचे वाक्य रद्द. आयर्न सहदेवने नाकारल्याने बाळाला. बरा होऊन आलो तर बाकीची कलमे मी बदलीन किंवा फाडीन. पाचवे फाडण्याचा हक्क मी आज, जिवंतपणी, सोडत आहे.

सही: जयवंत गुणाजी परब

माझ्यासमोर सही झाली:
१. बाळा धाकू राणे, घाटकोपर
२. चंद्रप्रकाश नेवरेकर. पाचवे कलम मला वाचून दाखवले. सहदेवने सांगितलेले अंतर बरोबर होते.

स्थळ: मैदानाचे फाटक, मुंबई
रविवार, दि. ९ नोव्हेंबर १९८६, दुपारी साडेतीन